आजोबांची ठासणीची बंदूक आणि तिचा नवा दस्ता

प्रश्न : काका, नमस्कार. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. आजोबांनी गावच्या लोहाराकडून एक ठासणीची बंदूक घडवून घेतली होती आणि दस्ता वाडीतल्याच सुताराने केला होता. घरात सगळे तिला 'रायफल' म्हणतात. पुढे वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता. ते दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा भावाने बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. त्याची पावती आहे. भावाला बंदूक नको, मला मात्र ती घरात हवी आहे. दस्ता मानेपाशी चिरला आहे आणि आजोबांनी तो तारेने आवळून ठेवला होता. मागचा भाग वाळवीने पोखरलाय, तोंडाकडून दारू ठासायचा गज हरवलाय. जमा करण्याआधी काढलेले चार फोटो सोबत पाठवते. नवा दस्ता कोणत्या लाकडाचा करावा? आणि ती पुन्हा पहिल्यासारखी चालती करता येईल का? आजोबा दसऱ्याला पूजा झाली की एक बार काढायचे.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण लाकडाचं सगळं त्याच्यावर ठरणार आहे. ही बंदूक पुन्हा चालती करू नका. दस्ता करू, गज करू, पट्ट्या बसवू, आजोबांच्या हातात होती तशी ती दिसेल. बार मात्र काढायचा नाही, गोळीशिवाय नुसत्या दारूचासुद्धा नाही.

तुमचा तिसरा फोटो मी भिंग लावून पाहिला. नळीच्या खालच्या अंगाला एक सरळ रेघ दिसते. पत्रा किंवा पट्टी तापवून, गजावर गुंडाळून, घणाने ठोकून जोडल्याची ती खूण आहे. लोहाराचं काम सुबक आहे, पण तो सांधा आतून कुठे धरलाय आणि कुठे नुसता टेकलाय हे बाहेरून कुणालाच कळत नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून नळ्या तपासतंय. जास्तीची दारू भरून बार काढायचा, नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का. आपल्या गावठी नळीला अशी परीक्षा कधी नसते. त्यातून काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते. कोकणातल्या चार पावसाळ्यांत नळीच्या बुडाशी, जिथे मागचं बूच आट्यांनी बसवलेलं असतं, गंज आतून पोखरत जातो. वरून नळी काळीभोर, गुळगुळीत आणि आत आटे भुसा झालेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बार काढताना बूच मागे येतं, आणि मागे काढणाऱ्याचा चेहरा असतो.

दसऱ्याच्या बाराची आठवण मला कळते. माझ्या आजोळीही तो निघायचा. पण आनंदासाठी बेफिकिरीने असा बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पूजा करा, झेंडूचा हार घाला, सोनं ठेवा. तेवढं तिला पुरे.

आता कागद. पुष्कळ लोक मला सांगतात, 'काका, जुनी आहे, तिला कसला परवाना?' हा समज घातक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या ४५ व्या कलमात सूट आहे ती जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडलेल्या शस्त्रांना, पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येऊ नये. 'दुरुस्त करून' हे शब्द नीट वाचा. तुमची नळी, घोडा, चाप सगळं जागेवर आहे. म्हणजे नुसतं वय दाखवून तुम्ही सुटत नाही. ती सूट लागू होते की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्यायचं.

तुम्ही नेरूळला राहता, म्हणून चौकशी बेलापूरच्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयातल्या परवाना शाखेतून सुरू करा. वारसाच्या नावाने परवाना देण्याची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत २५ व्या नियमात आहे. वडिलांचा जुना परवाना, मृत्यूचा दाखला, पोलीस ठाण्याची पावती आणि भावाचं ना-हरकत पत्र, एवढं हाताशी ठेवा. भावाने बंदूक लगेच जमा केली हे फार शहाणपणाचं केलं. परवानाधारक गेल्यावर ती कपाटात पडून राहते आणि मग पुढच्या पिढीच्या गळ्याशी येते, अशी घरं मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. बंदूक भरलेली आहे का? ठासणीच्या बंदुकीत हा प्रश्न दर वेळी विचारायचा, मग ती पन्नास वर्षं पडून असो. रानडुकराच्या भीतीने रात्री भरून ठेवलेली, सकाळी कुणी रिकामी केली नाही, आणि भरणारा माणूस गेला. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेटते. तपासायची रीत साधी आहे. लाकडी काठी नळीत हळूच सोडायची, जिथे अडेल तिथे तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहायची. टोक केप (घोडा आदळला की पेटणारी छोटी टोपी) बसते त्या निपलपर्यंत पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. पण हे तुम्ही करायचं नाही. ज्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना आहे त्या कारागिराने, नळीच्या तोंडासमोर कुणी उभं नसताना करायचं. आत काही सापडलं तर ते काढणंही त्याचंच काम. तोवर कुणालाही गिरमिटाने कोरू देऊ नका आणि नळी विस्तवाजवळ नेऊ देऊ नका.

हे झालं. आता माझ्या आवडीच्या कामाकडे वळतो.

वागळे इस्टेटमधल्या एका ओतशाळेत मी एकतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. ओतीव लोखंडाच्या वस्तूचा आधी लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा मी. ओतलेलं लोखंड थंड होताना फुटामागे साधारण एक सूत आकसतं, म्हणून आमच्या पट्ट्याही तेवढ्या लांब आखलेल्या असायच्या. या सवयीने मला एक गोष्ट शिकवली, जी तुमच्या कामी येईल : खरी वस्तू हाताशी नसली तरी तिचं लाकडी सोंग करून त्याच्यावर काम करता येतं.

तुमच्या बंदुकीचं अगदी असंच करायचं. कायद्याने बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय कुणी करू शकत नाही, म्हणजे मी नाही आणि तुमच्या ओळखीचा सुतारही नाही. बंदूक माझ्या पडवीत येणार नाही. पण लाकूड हे लाकूड आहे. परवानाधारक कारागिराच्या दुकानात जाऊन नळीची मापं घ्यायची, दर दोन इंचांवर कॅलिपर लावून. तुमची नळी मागे आठ पैलूंची आणि पुढे गोल होत गेलेली दिसते, त्यामुळे पैलू कुठे संपतात तिथेही माप हवं. घोड्याच्या यंत्राची पाटी कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. मग सुताराने जुन्या सागाची हुबेहूब नकली नळी आणि नकली पाटी करायची आणि नव्या दस्त्यातली खोबण त्या नकलेवर कोरायची. शेवटची बसवणी, जिथे केसाएवढा फरक पडतो, तेवढीच कारागिराच्या दुकानात खऱ्या नळीवर.

ही बसवणी काजळाने करतात. तेलात खललेलं काजळ नळीच्या खालच्या अंगाला पातळ पुसायचं, नळी खोबणीत ठेवून हाताने दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटेल तिथे उंचवटा. तेवढंच गोल पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाब. चाळीस वेळा करावं लागलं तरी कंटाळायचं नाही. सगळ्या खोबणीत एकसारखं पिंपळाच्या पानाच्या जाळीसारखं काळं उमटलं की नळी बसली. घाई करून एकदा जास्त कोरलं की त्याला इलाज नाही, मग लांबी (पुट्टी) भरून काढतात आणि ते आयुष्यभर दिसतं.

जुना दस्ता जोडून घेता येईल का, यावर मी दोन दिवस विचार केला. माझा कल नेहमी जुनं लाकूड राखण्याकडे असतो. चीर नुसती असती तर साफ करून, इपॉक्सी भरून, आडवी बांबूची काडी ठोकून मी ती बंद करायला सांगितली असती. मागचा भाग नुसता खाल्लेला असता तर तेवढाच तुकडा नवा जोडला असता. पण तुमच्याकडे दोन्ही आहे, आणि वाळवी चिरेपर्यंत पोचलेली दिसते. म्हणजे सांधा नेमका मानेत येणार, जिथे दस्ता सगळ्यात बारीक आणि जिथे हाताची पकड. तिथे सांधा नको. म्हणून पूर्ण दस्ता नवाच करा.

पण जुना टाकू नका. आणि ती तार काढू नका. दुसऱ्या फोटोत तारेचे फेरे मोजले मी, अकरा आहेत, एकाला एक चिकटून, आणि शेवटचं टोक आत दाबून टाकलंय म्हणजे हाताला लागू नये. ज्या माणसाने ते केलं त्याला घाई नव्हती. सुट्या लाकडी दस्त्याला परवाना शाखेची हरकत नाही ना, हे त्याच अर्जात विचारून घ्या. आधी वाळवीचं औषध लावून, उन्हात न ठेवता सावलीत पूर्ण सुकवा, मग सुती कापडात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून ठेवा : कुणाचा, कोणत्या गावचा, कधी उतरवला. पन्नास वर्षांनी कुणी नवा दस्ता पाहील तेव्हा त्याला मूळचा कसा होता ते दिसलं पाहिजे.

लाकूड कोणतं? युरोपात आणि काश्मीरकडे अक्रोड वापरतात, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीच्या रायफलींना मेपल वापरला. आपल्याला ते आणायची गरज नाही. फोटोत दस्ता काळसर तांबूस दिसतो आणि पहिल्या नजरेला शिसव वाटतो, पण हाताच्या तेलाने काळवंडलेला सागही असाच दिसतो. चिरेच्या आतली ताजी बाजू पाहा. जांभळट काळ्या रेघा असतील तर शिसव, सोनेरी तपकिरी असेल आणि जुन्या कपाटासारखा वास येत असेल तर साग. मूळ असेल तेच घ्या. मला विचाराल तर शिसव बरी. साग टिकाऊ आहे, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही, पण तो रेषेत पटकन फुटतो, आणि बारीक मानेत तोच त्याचा दोष.

लाकडाच्या जातीपेक्षा रेषा महत्त्वाची. दस्त्याची मान वाकडी असते. सरळ फळीतून वाकडा आकार कापला की मानेत रेषा आडव्या तुटतात, आणि तिथेच तो मोडतो. तुमचा जुना दस्ता तिथेच चिरलाय, बघा. गावचे सुतार नांगरासाठी आणि होडीच्या फासळ्यांसाठी मुद्दाम वाकडी फांदी शोधतात ते याचसाठी. जुन्या दस्त्याची बाह्यरेषा जाड पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, तो पुठ्ठा वखारीत न्या आणि फळ्यांवर फिरवून पाहा. जिथे लाकडाची रेषा पुठ्ठ्याच्या मानेबरोबर वळते ती फळी तुमची. वखारवाला वैतागेल, वैतागू द्या.

नवं लाकूड घेऊ नका. ठाण्यात चरई-नौपाड्याकडची जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहतायत, त्यांच्या तुळया, चौकटी, पलंगाचे खूर जुन्या लाकडाच्या वखारींत येतात. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड आता कुठे हलायचं नाही. फक्त रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत जुने खिळे असतात.

हे मी इतकं कळवळून सांगतो कारण मी स्वतः चुकलोय. १९९४ साली लांज्याकडच्या माझ्या मामांच्या परवान्याच्या बंदुकीसाठी दस्ता घडवला, नळी बसवली दुसऱ्या परवानाधारक कारागिराने. मामांच्या परसातला फणस पडला होता. त्या झाडावर आम्ही लहानपणी खेळलेलो, म्हणून मला त्याचंच लाकूड हवं होतं. पिवळंधमक, रेशमासारखं लाकूड. पण झाड पडून जेमतेम सात महिने झाले होते. दोन इंच जाड फळीला सावलीत वाळायला निदान दोन वर्षं लागतात, हे मला माहीत होतं, रोजच्या कामातलं होतं. तरी मी थांबलो नाही, कारण मामांना गणपतीपर्यंत हवा होता. दिवाळीत हवा कोरडी झाली आणि मानेपासून टाचेपर्यंत चीर गेली. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी ती मेणाने भरली आणि तोच दस्ता शेवटपर्यंत ठेवला. मला मात्र ती चीर अजून दिसते.

घासकामानंतर उकळलेलं जवसाचं तेल. पहिल्या हाताला टर्पेंटाईनमध्ये निम्मं पातळ करून, पुढे नुसतं. अगदी कमी घ्यायचं, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं. दोन हातांमध्ये निदान एक दिवस, आणि पावसाळ्यात तीन. चकचकीत मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावू नका, गावच्या बंदुकीवर ते उपरं दिसतं.

पितळी पट्ट्या मूळच्याच वापरा. त्यांना चिंच-मीठ किंवा भांड्यांची पावडर लावू नका. नळीवरही एमरी पेपर, बफिंग काही नको. मशीनचं तेल आणि मऊ कापड, तेवढ्याने सुटेल तो गंज सुटू द्या, उरलेला काळा थर राहू द्या. तो तिचं वय आहे. हे तेलपाणीही त्या कारागिराच्याच हातून करून घ्या. गज बांबूचा नको, सागाचा किंवा ऐनाचा सरळ रेषेचा करा.

'रायफल' म्हणण्याबद्दल थोडं. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतील तर ती रायफल, गोळी त्या खाचांमुळे फिरत जाते. आतून गुळगुळीत असेल तर नुसती बंदूक. गावच्या लोहाराच्या बहुतेक नळ्या गुळगुळीतच. कारागिराला बॅटरी लावून पाहायला सांगा. खाचा निघाल्या तर मला जरूर कळवा, कारण त्या हाताने पाडणारा लोहार संगमेश्वरात होता हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे. नाही निघाल्या तरी घरात तिला रायफलच म्हणा.

परवाना मिळाला तर ती कुलपात ठेवावी लागेल, दिवाणखान्याच्या भिंतीवर नाही. चामड्याच्या किंवा स्पंजच्या म्यानात कधीच नाही, ते नेरूळच्या दमट हवेत पाणी धरून ठेवतं. परवाना नाहीच मिळाला तर मन लहान करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांची दालनं आहेत. एकदा पाहून या. गावठी बंदुका कुणी सांभाळत नाही. तुमच्या आजोबांच्या बंदुकीचे फोटो, मापं, लोहाराचं आणि सुताराचं नाव, बाराच्या आठवणी हे सगळं एका वहीत आजच लिहायला घ्या. तुमच्या आत्या किंवा गावातलं कुणी वडीलधारं असेल तर त्यांना आधी विचारा.

प्रश्न : काका, मी जुन्या पाटाला जवसाचं तेल लावलं. आठ दिवस झाले, अजून हाताला चिकटतं. काय चुकलं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तेल जास्त झालं. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या फडक्याने वरचा चिकट थर पुसून काढा, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. कच्चं जवस तेल असेल तर ते वाळायला आठवडे लागतात, उकळलेलं मागून घ्या. आणि ती तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. आमच्या ओतशाळेत अशी एक बादली रविवारी रात्री पेटली होती. फडकी दोरीवर एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मगच कचऱ्यात.

प्रश्न : जुना साग फेव्हिकॉलने नीट चिकटत नाही, सांधा महिन्याभरात सुटतो. लाकूड खराब आहे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : लाकूड उत्तम आहे. सागात नैसर्गिक तेल असतं, ते पृष्ठभागावर येऊन डिंकाला धरू देत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना रंधा मारून ताजं लाकूड उघडं करा, थिनरच्या फडक्याने पुसा, दहा मिनिटांत वाळेल, आणि त्याच तासात डिंक लावून शिकंजात धरा. सकाळी रंधा आणि संध्याकाळी डिंक असं केलंत तर पुन्हा सुटेल.